‘लागलं तर’चं ओझं

जॉर्जिया राज्यातल्या अमिकलोला फॉल्स उद्यानात, पर्यटक केंद्राच्या मागच्या बाजूला, सॅक अडकवून वजन करायचा एक काटा आहे. अ‍ॅपलेशियन ट्रेलच्या दक्षिण टोकाकडे निघालेली मंडळी इथे नाव नोंदवतात, सॅक काट्याला लावतात आणि आकड्याकडे बघून गप्प होतात. आम्ही पोचलो तेव्हा मार्च महिना होता, गर्दी ऐन भरात होती. निवृत्तीनंतर ट्रेल पुरा करायला आलेल्या एका गृहस्थांची सॅक 52 पौंड भरली, म्हणजे साडेतेवीस किलो. ‘घरी चाळीस भरली होती,’ ते म्हणाले. मग पाणी भरलं, बायकोने खाऊ दिला, मुलाने कॅमेरा दिला. त्यांच्यामागे उभ्या असलेल्या मुलीची सॅक 24 पौंडांवर थांबली, तेही पाच दिवसांच्या शिध्यासकट. दोघांनाही जायचं होतं एकाच ठिकाणी, 3,500 किलोमीटरवरच्या मेन राज्यातल्या कटाडिन शिखरावर.

चौदा राज्यांतून जाणाऱ्या या वाटेचा आकडा ऐकला की वाटतं, एवढ्या लांब जायचं तर सामानही तेवढं हवं. हिशेब तसा नाही. दर चार-पाच दिवसांनी रस्ता लागतो, गाव लागतं, शिधा भरता येतो. त्यामुळे पाच महिने चालणारा आणि पाच दिवस चालणारा यांच्या पाठीवर जवळजवळ सारखंच सामान असतं. आम्हाला फक्त सुरुवातीच्या टप्प्यात, स्प्रिंगर माउंटनपासून नील्स गॅपपर्यंतच्या पन्नासेक किलोमीटरवर जायचं होतं. सॅक मात्र मेनपर्यंत जाणाऱ्यांसारखीच भरायची होती.

ती भरली गेली अटलांटात, मावसभावाच्या स्वयंपाकघरात. तो तिथे बरीच वर्षं राहतो आणि सुट्टी मिळाली की या डोंगरांत असतो. ओट्यावर पिठाचा डिजिटल काटा, शेजारी लॅपटॉपवर एक्सेलची यादी, आणि प्रत्येक वस्तूसमोर ग्रॅम. अशी मोजून सॅक भरणाऱ्यांचं एक मोजमाप ठरलेलं आहे: अन्न, पाणी, इंधन आणि अंगावरचे कपडे सोडून सॅकमध्ये जे उरतं ते मूळ वजन, त्यांच्या भाषेत बेस वेट. ते वीस पौंडांच्या आत, म्हणजे नऊ किलोंच्या आत असेल तर हलकं. दहा पौंडांच्या आत आलं तर अल्ट्रालाइट. टूथब्रशची दांडी कापून ठेवणाऱ्यांचे किस्से मी ऐकले होते, त्याबद्दल विचारलं.

‘दादा, टूथब्रश नंतर कापू. आधी तुझा टेंट काट्यावर ठेव.’

टेंट दोन किलो तीनशे ग्रॅम भरला. हलक्या सामानाची खरी गोम इथे आहे. टेंट, झोपायचं अंथरूण-पांघरूण आणि खुद्द सॅक या तीन गोष्टींतच बहुतेकांचं निम्मं वजन असतं. जुन्या पद्धतीच्या तीन वस्तू सहा-सात किलोंच्या होतात, तर आज निवडून घेतल्या तर अडीच किलोंत बसतात. दांडी कापून वाचतात पाच ग्रॅम. तरी माणसं दांडीच आधी कापतात, कारण ती फुकट कापता येते.

आणि टेंट फुकट येत नाही. चालणाऱ्यांच्या चर्चेत हमखास येणारा झीपॅक्स कंपनीचा डुप्लेक्स दोघांना पुरतो आणि सहाशे ग्रॅमच्याही आत असतो. त्याला स्वतःचे खांब नाहीत, हातातल्या ट्रेकिंगच्या काठ्यांवरच तो उभा राहतो. कापड डायनीमाचं, म्हणजे शर्यतीच्या होड्यांच्या शिडांसाठी बनलेल्या जातीचं. किंमत सहाशे-सातशे डॉलर. भावाकडे मात्र सिलिकॉन चढवलेल्या नायलॉनचा, किलोभराचा, निम्म्याहून कमी किमतीचा टेंट होता आणि त्याला त्याची अजिबात खंत नव्हती. वाचलेल्या प्रत्येक ग्रॅमला किती डॉलर पडले असा एक रकाना त्याच्या यादीत आहे. दुकानात जाण्याआधी हा रकाना भरला तर निम्मी खरेदी आपोआप गळते, असं माझं मत झालं.

पांघरुणाचा प्रकार जास्त मजेदार. पिसांच्या स्लीपिंग बॅगमध्ये आपण झोपलो की पाठीखालची पिसं दबतात. त्यांतली हवा गेली की ऊबही जाते, कारण ऊब धरते ती हवाच. मग तो खालचा भाग वाहायचाच कशाला? म्हणून बॅगेऐवजी नुसतं वरचं पांघरूण न्यायचं आणि पाठीची थंडी मॅटवर सोपवायची. यांनी त्याला नाव दिलंय क्विल्ट. ‘गोधडीच म्हण ना,’ भाऊ म्हणाला. ही गोधडी सहाशे ग्रॅमची होती, 850 फिल पॉवरची, म्हणजे तिच्यातली औंसभर पिसं फुलली की 850 घनइंच जागा व्यापतात. आकडा मोठा तितकी पिसं कमी लागतात आणि किंमत चढते.

इथेच एक खाचखळगा आहे. स्लीपिंग बॅगेवर छापलेलं तापमान बहुधा ‘लिमिट’ असतं. युरोपीय मानकात लिमिट म्हणजे अंग आखडून झोपलेल्या पुरुषाला रात्र काढता येईल असा आकडा. निवांत झोपेचा आकडा ‘कम्फर्ट’, आणि तो कित्येकदा पाच-सहा अंश वरचा असतो. उत्तर जॉर्जियात मार्चमध्ये रात्री पारा शून्याखाली जातो, त्यामुळे हा फरक पहाटे तीन वाजता कळतो.

हे सगळं आजच्या कंपन्यांनी शोधलं असं समजायचं कारण नाही. 1955 साली ओहायोतल्या एमा गेटवूड, वय 67, अकरा मुलांची आई, घरी नीटसं काही न सांगता या ट्रेलवर आल्या. तेव्हा ट्रेलचं दक्षिण टोक स्प्रिंगर नव्हतं, माउंट ओगलथॉर्प होतं. पायात केड्सचे कापडी बूट, खांद्यावर स्वतः शिवलेली डेनिमची पिशवी. तीत लष्करी घोंगडी, रेनकोट आणि पावसासाठी न्हाणीघरातला प्लॅस्टिकचा पडदा. टेंट नाही, स्लीपिंग बॅग नाही. मे महिन्यात निघालेल्या आजी सप्टेंबरात कटाडिनवर पोचल्या आणि एकटीने एका दमात हा ट्रेल पुरा करणारी पहिली स्त्री ठरल्या. पुढे त्यांनी तो आणखी दोनदा पुरा केला.

त्यांच्याकडे सामान नव्हतं. दुसऱ्या एकाने ते मोजूनमापून काढून टाकलं. रे जार्डाइन हा मूळचा विमान-अवकाश क्षेत्रातला अभियंता. कड्यावर चढताना फटीत अडकवायचं ‘फ्रेंड’ हे स्प्रिंगचं साधनही त्याचंच. पश्चिम किनाऱ्यावरचा पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल त्याने बायको जेनीबरोबर एकाहून अधिक वेळा पुरा केला आणि दर वेळी ओझं उतरवत नेलं. टेंटऐवजी ताडपत्री, बॅगेऐवजी क्विल्ट, जड बुटांऐवजी पळायचे बूट, आणि सांगाडा नसलेली घरी शिवलेली सॅक. 1990च्या दशकाच्या सुरुवातीला आलेल्या त्याच्या पुस्तकाने आधी वाद माजवला, मग दुकानं भरली. पण या दोघांचं नाव घेताना लोक एक गोष्ट विसरतात. आजींचं आयुष्य शेतावर गेलं होतं, रानातली खाण्याजोगी पानं त्यांना ओळखता यायची, आणि जार्डाइनला भिजल्या अंधारात ताडपत्री कशी ताणायची हे हाताला ठाऊक होतं. ते न शिकता नुसती ताडपत्री नेणाऱ्याचं ओझं हलकं होतं, रात्र होत नाही.

अमिकलोलाच्या धबधब्याशेजारून 604 पायऱ्या वर जातात. धबधबा 222 मीटरचा, पायऱ्या लोखंडी-लाकडी, आणि सॅकविषयीचं सगळं तत्त्वज्ञान इथेच गुडघ्यांत उतरतं. स्प्रिंगरचा माथा पर्यटक केंद्रापासून सुमारे चौदा किलोमीटर दूर आहे आणि ट्रेल तिथून सुरू होतो. या जोडवाटेवरच एका वळणावर कुणीतरी सोडून दिलेली, नवी कोरी, कास्ट आयर्नची कढई दिसली.

सह्याद्रीत भटकणाऱ्यांना ती बघून हसू येणार नाही. आपल्याकडे रात्रीच्या ट्रेकला ‘कॉमन सामान’ असतं: टोप, तांदूळ, डाळ, कांदे, दोर. ते दहा जणांत वाटलं जातं आणि हरिश्चंद्रगडाच्या गुहेत खिचडी रटरटते. ती पद्धत उत्तमच आहे, पण ती दहा जणांची आहे आणि एका रात्रीची आहे. तीच सवय एकट्याच्या सॅकमध्ये शिरली की कढई होते. भावाच्या स्वयंपाकाचं सगळं सामान म्हणजे टायटॅनियमचं पाऊण लिटरचं एक भांडं, त्याच्या पोटात बसणारा स्टोव्ह आणि गॅसची डबी. तो नुसतं पाणी उकळतो. भात-डाळ घरी वाळवून पाकिटात भरलेली असते.

हलकं सामान थोडी मेहनत मागतं, ते गूच माउंटनच्या मुक्कामी जवळून बघायला मिळालं. एकपदरी टेंटच्या आतल्या बाजूला पहाटे दवाचे थेंब धरले होते, आपल्याच श्वासाचे. उठताना डोक्याचा धक्का लागला की सरी. भावाने न बसता, कुशीवर वळूनच भांडी पुसायच्या फडक्याने छत टिपलं, पिळलं, पुन्हा टिपलं. मग गोधडीतून एक मोजा काढला. त्यात पाण्याचा फिल्टर होता, मूठभर, शंभर ग्रॅमच्याही आतला. त्याच्या आत बारीक पोकळ धाग्यांचा जुडगा असतो. भिजलेला फिल्टर रात्री गोठला तर धागे फुटतात, पाणी मात्र पूर्वीसारखंच येत राहतं. बिघाड बाहेरून दिसत नाही. म्हणून तो माणसाबरोबर झोपतो, आणि त्याच्या सोबतीला पॉवर बँक, कारण थंडीत बॅटरीही मान टाकते.

कपड्यांबाबत मतभेद कमी. सुती काही नको, जीन्स तर नकोच. भिजली की वाळत नाही आणि अंगाची ऊब ओढून घेते. एक जोड चालायचा, एक झोपायचा, तो कोरडा राखायचा. बुटांबाबत मात्र जुने आणि नवे अजून भांडतात. आता बरेच जण जाळीचे हलके बूट घालतात. ते भिजतात तसे लवकर वाळतात, पण सात-आठशे किलोमीटरांत फाटतात. मेनपर्यंत चार-पाच जोड लागणार, हा खर्च ‘हलक्या’च्या जाहिरातीत कुणी धरत नाही.

वजन कमी करायचा सगळ्यात स्वस्त उपाय नकाशावर सापडला. ब्लड माउंटनच्या परिसरात, जॅरर्ड गॅप ते नील्स गॅप या आठेक किलोमीटरच्या पट्ट्यात, मार्च ते मे या दिवसांत रात्री मुक्काम करायचा तर अन्न अस्वलाला न फोडता येणाऱ्या कडक डब्यात ठेवणं सक्तीचं होतं. डबा किलोभराचा, वर सॅकमध्ये कुठेच नीट न मावणारा. भावाने मुक्काम असा बेतला की हा पट्टा दिवसाउजेडी पार होईल. बाकी रात्री निवाऱ्यांजवळच्या तारांवर अन्नाची पिशवी उंच चढवली. डबा दुकानातच राहिला.

ब्लड माउंटन उतरलं की डांबरी रस्ता आणि त्याला लागून वालासी-यी ही 1930च्या दशकातली दगडी इमारत. ट्रेल तिच्या कमानीखालून जातो. आत माउंटन क्रॉसिंग्ज हे ट्रेकिंग सामानाचं दुकान, बाहेर झाडाला लटकलेले चालणाऱ्यांचे असंख्य बूट. मेनची स्वप्नं बघत निघालेले काही जण इथेच गाडी बोलावतात. बाकीचे सॅक उपसून घेतात. हे काम दुकानातली माणसं करतात आणि त्यांनी स्वतः हा ट्रेल चाललेला असतो.

एका विशीतल्या मुलाची सॅक जमिनीवर रिकामी होत होती. घडीची खुर्ची, छोटी कुऱ्हाड, गॅसचा कंदील, शाम्पूची भरलेली बाटली, दोन जीन्स, भांड्यांचा तीन नगांचा संच. दुकानातला दाढीवाला प्रत्येक वस्तू उचलून एकच विचारी, ‘हे आतापर्यंत वापरलंस?’ मुलगा म्हणे, ‘नाही, पण लागलं तर...’ आणि वस्तू डावीकडच्या ढिगात जाई. मग रेनकोट निघाला. पाऊस पडलाच नव्हता, तोही वापरलेला नव्हता. मुलाने शहाण्यासारखा तो आपणहून डावीकडे टाकला. दाढीवाल्याने काही न बोलता उचलून उजवीकडे ठेवला. तसंच प्रथमोपचाराचं पाकीट, तसंच जाड जाकीट. ‘लागलं तर’ म्हणून न्यायच्या गोष्टी असतातच, फक्त त्या चार-पाच असतात. शेवटी तळातून एक उकुलेले निघालं. मुलगा त्याच्याकडे बघू लागला, दाढीवाला मुलाकडे. ‘वाजवतोस?’ ‘रोज रात्री.’ उकुलेले उजवीकडे गेलं.

डावा ढीग खोक्यात बसला, सतरा पौंड भरला. टपालाचे पैसे ऐकून मुलाने शिट्टी वाजवली, कार्ड पुढे केलं आणि फोन कानाला लावून दाराकडे वळला. पलीकडे आई असावी. तो सांगत होता, एक खोकं येतंय, उघडू नकोस, माझ्या खोलीत तसंच ठेव, आणि हो, त्यातली कुऱ्हाड बाबांना दाखवू नकोस, त्यांना ती नेऊ नको म्हणून सांगितलं होतं.