पहिलं घर, किरायाचं

आमच्याकडे, म्हणजे वर्धा-नागपूरच्या पट्ट्यात, भाड्याला किराया म्हणतात. मुलगी नोकरीला लागली आणि घर बघायला निघाली, की ओळखीपाळखीचे सगळे एकच विचारतात, "किराया किती?" मैत्रिणींनो, गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता आम्ही नागपुरात दोन महिने घरं पाहिली, चांगली पंधरा-सोळा. त्यावरून माझं ठाम मत झालं आहे, की हा प्रश्न अगदी शेवटी विचारावा. त्याआधी विचारण्यासारखं पुष्कळ असतं.

माझ्या धाकटीला धंतोलीतल्या एका लॅबमध्ये नोकरी लागली. धंतोली म्हणजे दर दोन दारांआड दवाखाना, हे नागपूरकरणींना सांगायला नको. वर्ध्याहून नागपूर रेल्वेने सुमारे ७५ किलोमीटर. पास काढून रोज अपडाऊन करणारे आमच्या गावात किती तरी आहेत. तिनेही तीन महिने केलं. पण एका आठवड्याआड सकाळी सातची ड्यूटी, आणि संध्याकाळची गाडी कधी वेळेवर येईल तर शपथ! पोरीचा चेहरा उतरला. तेव्हा लॅबमधल्याच एका मैत्रिणीबरोबर खोली घ्यायची असं ठरलं. ही मैत्रीण ब्रह्मपुरीकडची, गुणी आणि कमी बोलणारी. दोघींच्या पगारातून किरायापोटी दहा हजारांपर्यंत निघत होते.

एवढ्यात धंतोली-रामदासपेठेत काही जमणार नव्हतं, ते पहिल्याच दिवशी कळलं. मग सगळ्यांनी सुचवलं ते बेसा. नागपूर दक्षिणेकडे फार पसरलं आहे. बेसा, बेलतरोडी, हुडकेश्वर, जिकडे बघावं तिकडे नव्या इमारती. आम्ही पाहिलेला फ्लॅट ७,५०० रुपयांत होता. लिफ्ट, चकचकीत फरशी, स्वयंपाकघरात ग्रॅनाइटचा ओटा! माझा जीव ओट्यावर जडला, खोटं कशाला बोलू? पण पोरी हुशार. त्यांनी पाण्याचं विचारलं. पाणी बोअरचं, उन्हाळ्यात टँकर, त्याची वर्गणी वेगळी. सकाळी सहाला ऑटो मिळतो का? तर "स्कूटर घ्या ना" असं उत्तर मिळालं.

परतताना बसमध्येच धाकटीने बिलाच्या पाठीमागे हिशेब मांडला. किराया ७,५००, मेंटेनन्स ८००, स्कूटरचा हप्ता २,८००, पेट्रोल १,५००. बेरीज १२,६००, आणि त्यात टँकर धरलेलाच नाही. शिवाय दोघींची पाळी वेगळी आली, की एकीची स्कूटर आणि दुसरीची पायपीट. वेळेचा हिशेब तर कुणी लिहीतच नाही. रोजचा दीड तास रस्त्यावर गेला, तर घरी आल्यावर पोळ्या कोण लाटणार? बाहेरचं खाणं सुरू होतं, आणि तेही त्या स्वस्त घराच्याच खर्चात धरायला हवं.

त्यानंतर आम्ही एक युक्ती केली, तुम्हीही करून बघा. नागपूरच्या मेट्रोचा पहिला टप्पा मार्च २०१९ मध्ये सीताबर्डी ते खापरी असा सुरू झाला आणि डिसेंबर २०२२ मध्ये दोन्ही मार्ग पूर्ण धावू लागले. एक खापरी ते ऑटोमोटिव्ह चौक, दुसरा लोकमान्यनगर ते प्रजापतीनगर. दोन्ही सीताबर्डीला एकमेकांना छेदतात. कागदावर या दोन रेघा काढल्या आणि ठरवलं, की स्टेशनपासून पंधरा मिनिटांत पायी जाता येईल तेवढीच घरं बघायची. धंतोलीला काँग्रेसनगर स्टेशन जवळ, म्हणजे फार तर एकदा गाडी बदलायची. सातच्या ड्यूटीला पोचवणारी गाडी आहे का, हे दोघींनी आधी स्टेशनवर जाऊन विचारलं. आणि प्रत्येक गल्ली संध्याकाळी सातनंतर चालून पाहिली. दिवसा सगळ्याच गल्ल्या चांगल्या दिसतात हो! दिवे कुठपर्यंत आहेत आणि पानठेल्यावर कोण उभं असतं, ते अंधार पडल्यावर समजतं.

आता नागपूरची खास गोष्ट, ती म्हणजे कूलर. पुण्या-मुंबईच्या वाचकांना हसू येईल, पण मे महिन्यात इथे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. नवतपाच्या दिवसांत तर भिंती मध्यरात्रीही गरम लागतात. म्हणून खोल्या किती ते मागाहून मोजा, कूलर कुठे बसेल ते आधी बघा. त्याला बाहेरच्या बाजूची खिडकी हवी, लोखंडी स्टँड बसवायला मालकाची परवानगी हवी, आणि हवा बाहेर जायला समोरून दुसरी वाट हवी. ती नसली तर खोलीत दमटपणा साठतो, अंथरूण ओलसर लागतं आणि माणूस जास्तच उकडतो. कूलर पाणीही बादल्यांनी पितो. बोअरचं जड पाणी असेल तर ताट्यांवर पांढरा थर धरतो. एका मालकांनी स्वच्छ सांगितलं, "कूलरसाठी आमच्या टाकीतलं पाणी नाही घ्यायचं." मग कुठलं घ्यायचं, ते काही त्यांनी सांगितलं नाही!

गच्चीखालचा मजला स्वस्त का मिळतो, हेही यावरून ओळखा. पश्चिमेकडची भिंत उघडी असेल तर संध्याकाळी तिला हात लावून बघा. आणि विजेचं मीटर स्वतंत्र आहे का, हे नक्की विचारा. महावितरणचे दर टप्प्याटप्प्याने चढतात, पहिले १०० युनिट सर्वांत स्वस्त. मालकाच्या मीटरवरच तुमचा कूलर फिरत असेल, तर तुमचे युनिट महागाच्या टप्प्यात जाऊन पडतात.

पुढची गोष्ट लिहावी की नाही, याचा मी बराच विचार केला. एक घर फार चांगलं होतं. हवेशीर, स्टेशनपासून सात मिनिटांवर, किराया ८,५००. मालकीणबाईंनी चहा दिला आणि मग आडनावं विचारली. माझ्या मुलीचं ऐकून हसल्या. मैत्रिणीचं ऐकलं आणि म्हणाल्या, "काय आहे ना, आमच्या भाच्यानेही विचारून ठेवलं आहे." जिना उतरताना मला मागे थांबवून हळूच म्हणाल्या, "तुमची मुलगी येऊ द्या. जोडीला दुसरी मी बघून देते."

खाली येऊन मी दोघींना खरं ते सांगितलं. मैत्रीण म्हणाली, "काकू, तिला घेऊ द्या. मी बघीन कुठेतरी." आवाजात राग नव्हता, आणि तेच मला जास्त लागलं. धाकटी काही बोलली नाही. तिने यादीतलं ते घर पेनाने खोडलं आणि विचारलं, "पुढचं कुठे आहे?"

असं तीन ठिकाणी झालं. कुणी मटण-मासळीचं कारण पुढे केलं. मटण आमच्या घरीही होतं, पण माझ्या मुलीला ते कुणी विचारलं नाही. ज्या शहरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो लोकांसह बौद्ध धम्म स्वीकारला, त्या शहरातली ही गोष्ट आहे. पुढे त्या मैत्रिणीने फोनवरच दोघींची आडनावं सांगायला सुरुवात केली. "चालत असेल तर येतो, उगाच कुणाचा चहा नको," म्हणायची. शोध तीन आठवडे लांबला. लांबू दे!

घर मिळालं ते सुभाषनगरच्या बाजूला. जुनं, तळमजल्यावर दोन खोल्या, किराया ९,५००. ओटा कडप्प्याचा आणि फरशीला दोन ठिकाणी भेगा. पण नळाला पाणी आहे, अंगणात सावली आहे आणि मेट्रोचं तिकीट धरूनही बेस्याच्या हिशेबापेक्षा खर्च कमीच येतो. वरती निवृत्त शिक्षिका एकट्या राहतात. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा, "ड्यूटीवरून यायला रात्र होते का गं? मग फाटकाची एक किल्ली जास्तीची करून घ्या." आडनावं त्यांनी करार लिहिताना विचारली.

कराराचं तेवढं नीट लक्षात घ्या, बरं का. दलाल म्हणतात, "अकरा महिन्यांचाच तर आहे, स्टँपपेपरवर लिहून नोटरी केली की झालं." ते खरं नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ याप्रमाणे करार लेखी आणि नोंदणी केलेला असावाच लागतो. नोंदणी करण्याची जबाबदारी मालकाची, आणि ती टाळली तर शिक्षाही त्यालाच होऊ शकते. वीज-पाणी तोडून भाडेकरूला हैराण करणंही या कायद्याला मंजूर नाही. माझ्या सासूबाईंना हे सांगितलं तर त्यांना जुना काळ आठवला. आपल्या विदर्भात तेव्हा १९४९ चा आदेश लागू होता. रिकामं झालेलं घर मालकाने आधी सरकारला कळवायचं, आणि सरकार ते एखाद्या नोकरदाराला देऊन टाकायचं. भाडेकरूला काढायचं तर नियंत्रकाची परवानगी लागे. "म्हणून लोक घराला कुलूप लावून ठेवायचे, पण किरायाने द्यायचे नाहीत," असं त्या म्हणाल्या. ३१ मार्च २००० पासून नवा कायदा आला आणि तो आदेश गेला.

अनामत दोन महिन्यांची, १९,००० रुपये, ती बँकेतूनच दिली. राहायला जायच्या दिवशी पोरींनी भिंतींचे आणि भेगा पडलेल्या फरशीचे फोटो काढले, मीटरचा आकडा टिपला, पंखे आणि नळ मोजून कागदावर लिहिले आणि खाली मालकीणबाईंची सही घेतली. मास्तरीणबाई खूश झाल्या, त्यांनी कागदातली एक ऱ्हस्व-दीर्घाची चूकही दुरुस्त केली! पलंग अजून घ्यायचा आहे, सध्या दोघी गाद्या घालूनच झोपतात. कूलर मात्र फेब्रुवारीतच आणला. एप्रिल लागला की त्याचा भाव चढतो.