पाठदुरुस्तीचा मोह

‘फ्लाइटगिअर’ या मुक्त प्रणालीतील सेस्ना १७२ हे विमान म्हणजे एक संहिताच आहे, हे मला उशिरा कळले. त्याच्या उड्डाणाचे गणित ‘जेएसबीसिम’ एका साध्या एक्सएमएल फाइलीतून वाचते. पंखांचे क्षेत्रफळ १७४ चौरस फूट, रिकाम्या विमानाचे वजन, कोनागणिक बदलणारी उचल, हवेचा अवरोध. सारे ओळीओळीने लिहिलेले. मराठीच्या अध्यापकालाही ते वाचता येते, आणि म्हणूनच बदलण्याचा मोह होतो.

माझे विमान धावपट्टीवर टेकता टेकेना. नुसते तरंगत राही. मी अवरोधाचा गुणक वाढवला. उतरणे सुधारले, पण सरळ उड्डाणातला वेग घटला. तो भरून काढण्यासाठी इंजिनाची शक्ती वाढवली, तर विमान खऱ्या सेस्नापेक्षा जोमाने चढू लागले. एक आकडा खोटा केला की त्याच्या सोबतीला दुसरा खोटा करावा लागतो.

शेवटी विमानाची माहितीपुस्तिका उघडली. फ्लॅप उतरवलेले असताना धावपट्टीकडे ६० ते ७० नॉट वेगाने यावे, असे तीत होते. मी ८५ने येत होतो! संहिता निर्दोष होती. चुकत होता तो वाचक.

अडलेला शब्द सोपा करून टाकणाऱ्या जुन्या लेखनिकांवर मी वर्गात कितीदा तोंडसुख घेतले आहे. त्यांच्यात आणि माझ्यात फरक एवढाच, की माझ्यापाशी मूळ प्रत शिल्लक होती. ती मी मुकाट्याने जागेवर ठेवली.