अर्ध्यावरचे हप्ते

चोवीसपैकी बारा हप्ते फिटले होते, तोच नवा फोन बाजारात आला. माझ्या फोनची बॅटरी दुपारीच मान टाकायची. दुकानदार म्हणाला, "जुना द्या, नवा घ्या." पण उरलेले हप्ते एकरकमी फेडायचे तर बाबांच्या मोतीबिंदूसाठी ठेवलेल्या पैशांना हात लावावा लागणार होता.

आई म्हणाली, "अंगठा तुटला म्हणून चप्पल टाकतो का रे आपण?"

इंजिनिअर असून मला हे सुचलं नव्हतं! लिथियम बॅटरी साधारण 500 वेळा पूर्ण चार्ज झाली की 80 टक्क्यांवर येते. म्हातारी झाली होती ती बॅटरी, फोन नव्हे. इंदूरच्या जेल रोडवर ती बदलून घेतली, एका हप्त्याहूनही कमी पैशांत.

बाबांचं ऑपरेशन झालं. परवा त्यांनी त्याच फोनवरची वेळ सोफ्यावरूनच वाचली.