‘मी जेवलो’ म्हणणाऱ्या मुली

ज्युलिया अल्वारेझच्या १९९१ सालच्या कादंबरीचं नावच सगळं सांगतं: ‘हाऊ द गार्सिया गर्ल्स लॉस्ट देअर अ‍ॅक्सेंट्स’. डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये हुकूमशहा त्रुहियोविरुद्धच्या कटात वडील सापडण्याची भीती, म्हणून १९६० मध्ये हे कुटुंब न्यूयॉर्कला पळतं. सोबत चार मुली. तिथं त्यांची स्पॅनिश आणि इंग्रजीतला स्पॅनिश हेल, दोन्ही हळूहळू झिजत जातात.

हेल झिजायला न्यूयॉर्कच लागतं असं नाही, पुण्याचं होस्टेलही पुरतं. मी मलकापूरची. कोल्हापूरहून रत्नागिरीला जाताना आंबा घाटाच्या अलीकडं आमचं गाव लागतं. आमच्याकडं बायका ‘मी आलो’, ‘मी जेवलो’ असंच म्हणतात. होस्टेलवर पहिल्याच आठवड्यात एकीनं हसून विचारलं, “जेवलो? तू मुलगा आहेस का?” महिन्याभरात मी ‘जेवले’ म्हणायला लागले.

खरं तर यात हसण्यासारखं काय आहे? प्रमाण मराठीतही ‘आम्ही आलो’ बायका म्हणतात आणि पुरुषही. शेजारच्या कन्नडमध्ये तर ‘नानु बंदे’ दोघांचंही एकच. आमच्या बोलीतल्या ‘मी’ला बाई असण्याची वेगळी नोंद करावी लागत नाही, एवढंच.

कादंबरीतल्या तिसऱ्या मुलीचं नाव योलांडा. घरी तिला ‘यो’ म्हणतात. स्पॅनिशमध्ये ‘यो’ म्हणजे ‘मी’. अमेरिकेत तिची ‘जो’ होते. नाव सोपं झालं, पण त्यातला ‘मी’ गेला. हे वाचून मी पुस्तक बाजूला ठेवलं आणि बराच वेळ तशीच बसले.

योलांडा शाळेसाठी भाषण लिहिते. त्यात गुरूंपेक्षा स्वतःचं ऐकण्याची भाषा असते. वडील चिडून कागद फाडून टाकतात. जिथं हुकूमशहाचे हेर घराभोवती फिरायचे, तिथं गप्प राहणं म्हणजे जिवंत राहणं होतं. देश सुटला तरी ती भीती बापाच्या अंगातून गेली नाही. आपल्याकडंही बाहेर पडणाऱ्या पोरीला ‘जास्त बोलू नको’ असंच बजावून एसटीत बसवतात. मग ती गप्प बसते, नाहीतर दुसऱ्यांसारखं बोलायला शिकते.

गोष्ट उलटी चालते, १९८९ पासून मागं १९५६ पर्यंत. सुरुवातीलाच मोठी झालेली योलांडा मायदेशी परतते. पेरू खायची हुक्की येते म्हणून एकटीच गाडी काढते, आडरानात टायर बसतं. कोयते घेतलेली दोन माणसं समोर येतात. घाबरलेल्या तिच्या तोंडून इंग्रजी बाहेर पडतं. ती तिला अमेरिकन समजून टायर बदलून देतात. ती बचावते, पण आपल्याच मातीत परकी ठरून.

माझी धाकटी बहीण जूनमध्ये पुण्याला येतेय. तिला काय सांगू? मुलाखतीत ‘आले’ म्हण, हे सांगणारच. नोकरी लागते त्यावर. पण आईचा फोन आला आणि तिनं “जेवलीस का गं?” विचारलं, तर खोलीत कोणीही असू दे, तिनं मोठ्यानं ‘जेवलो’ म्हणावं. मीही परवापासून तेच करतोय.