होडीतला पंप आणि माझा हिशेब

विहिरीवर कोणता पंप बसवावा, हे तुम्ही मला विचारता आणि मी सांगतो. तीस वर्षे हेच काम केले. पण बी.एस्सी.च्या शहाणपणाने एकदा घरच्याच माणसाचे नुकसान केले, ते आज सांगतो.

माझी धाकटी बहीण दाभोळच्या खाडीकाठी दिली आहे. भावोजींची थोडी भातशेती आणि मासेमारीला फायबरची लहान होडी; मागे पेट्रोलचे मशीन. होडीत पाणी येणारच. पाऊस, लाटांचे तुषार, ओली जाळी. पूर्वी ते डब्याने उपसत. २०२२ साली गणपतीत गेलो, तेव्हा त्यांनी बॅटरीवरचा पंप आणला होता. बसवायला मीच पुढे सरसावलो.

पंप मुठीएवढा, १२ व्होल्टचा. होडीच्या मागच्या अंगाला, बुडाशी सर्वांत खोल जागी तो बसतो. आपल्या पंपासारखाच आत पंखा फिरतो. पण हा पाण्यातच असतो, म्हणून फूटव्हॉल्व्ह नको. शेजारी तरंगता खटका. पाणी चढले की तो उचलला जातो आणि पंप सुरू. उतरले की बंद. पाणी नळीतून होडीच्या कडेच्या भोकातून बाहेर पडते.

ते भोक कुठे पाडायचे? भावोजी म्हणाले, "वर, काठाजवळ पाडूया." मी म्हटले, "छे! जितके उंच चढवाल, तितके पाणी कमी." खोक्यावर ताशी १,९०० लिटर लिहिले होते, ते शून्य उंचीचे. दोन-तीन फूट चढवले की बरेच घटते. हिशेब खरा होता. भोक पाण्यापासून चार बोटे वर पाडले. होडी तेव्हा रिकामी होती, हे मात्र ध्यानात आले नाही.

तिसऱ्या रात्री पहाटेच्या फेरीसाठी होडी भरून ठेवली. जाळी, बर्फाची पेटी, पेट्रोलचा कॅन, सगळे मागे. मागची बाजू दबली, भोक पाण्याखाली गेले. पावसाची सर आली, पंपाने पाणी बाहेर टाकले आणि थांबला. नळी भरलेलीच होती. बांधावरून नळी टाकून आपण पाणी खालच्या वाफ्यात उतरवतो ना, तसे खाडीचे पाणी तिच्यातून उलटे आत आले. बूड बाहेरच्या पाण्यापेक्षा खोल, आणि बंद पंप पाणी अडवत नाही. पुन्हा खटका, पुन्हा पंप. शेवटी बॅटरी संपली. पाणी थांबले नाही.

सकाळी बहीण म्हणाली, "दादा, रात्रभर घूं घूं ऐकू येत होतं. म्हटलं, चांगलं चाललंय काम."

होडीचे नाक तेवढे वर होते. भावोजी एक शब्द बोलले नाहीत, ते जास्त लागले. ओहोटीला होडी ओढून काढली. मशीन गोड्या पाण्याने धुऊन त्याच दिवशी मेकॅनिककडे नेले, म्हणून वाचले. बिल मी दिले.

धरणाच्या फुगवट्यावर तुमचीही होडी असेल, तर सामान आणि माणसे भरून मगच पाण्याची रेघ बघा. भोक तिच्यापासून निदान दीड वीत वर हवे. उलटे पाणी अडवणाऱ्या व्हॉल्व्हवर विसंबू नका. काडी अडकली की तो उघडाच राहतो. खटक्याची तार फ्यूज घालून थेट बॅटरीला जोडा, नाहीतर मुख्य बटणाबरोबर पंपही बंद होतो. आणि पंप सारखा सुरू होत असेल, तर उठून बघा. होडी जमिनीवर चढवली की बुडाचे बूच काढावे, पावसाचे पाणी आपोआप जाते. बूच पेट्रोलच्या कॅनला बांधा, म्हणजे लावायचे विसरणार नाही.

आता भोक काठाजवळ आहे. खालचे भावोजींनी फायबर लावून बुजवले. रंग जरा वेगळा लागला. खाडीवर गेलो की मला आधी तोच ठिपका दिसतो.