क्लचवरचा पाय

इंजिनाचा आवाज वाढत जावा आणि गाडी मात्र जागची हलू नये, हा अनुभव ज्यांनी घाटात घेतला असेल त्यांना आमचे त्या रात्रीचे हाल वेगळे सांगावयास नकोत. २०११ सालचा जुलै महिना. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील मोखाड्याच्या बाजूच्या एका पाड्यावरून आजारी माणसासाठी बोलावणे आले होते. चढ लागताच आमच्या जीपने दम सोडला. ॲक्सिलरेटर दाबावा तर इंजिन ओरडे, चाके मात्र मुंगीच्या पावलांनी फिरत. जळक्या सुतळीसारखा वास गाडीत कोंडला. शेवटचे तीन किलोमीटर आम्ही पावसात पायी चाललो. पोहोचलो तेव्हा माणूस अद्याप शुद्धीवर होता, ही देवाची कृपा.

क्लचप्लेट गेली होती. आठच महिन्यांपूर्वी बसवलेली, दोन वर्षांतली दुसरी. बिल अर्थातच पॅरिशच्या खात्यावर. गाडी चालवणारे आम्ही दोघे. एरवी पाड्यावरचा एक तरुण मुलगा, रविवारी आणि रात्री-अपरात्री आम्ही. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलेल्या माणसाला कार्यावरून कारण शोधण्याची खोड असते. तरुण रक्त, घाटातली घाई, गिअरशी दांडगाई, असा सारा कार्यकारणभाव आम्ही जुळवला आणि त्या मुलाला कामावरून कमी केले. जाताना तो एवढेच म्हणाला, “फादर, मी क्लचवर पाय ठेवत नाय.” त्या वाक्यात ‘मी’ या शब्दावर किती जोर होता, हे तेव्हा आमच्या ध्यानात आले नाही.

नवी प्लेट बसली. आता गाडी फक्त आमच्या हाती. डिसेंबरात, म्हणजे पाचच महिन्यांत, तोच वास पुन्हा आला.

जीप ओढत जव्हारच्या एका गॅरेजात नेली. तेथील वृद्ध मिस्त्रींनी उमेदीची वर्षे ट्रकच्या गिअरबॉक्सखाली घालवलेली. क्लचप्लेट बदलायची तर गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो, म्हणून दिवसभर आम्ही तेथेच बाकड्यावर बसलो आणि इतकी वर्षे ज्या यंत्रावर स्वार होत होतो त्याचे पोट प्रथमच पाहिले. तेलाचा तळचा बूच निघाला. त्याच्या चुंबकाला काळसर लेप चिकटला होता. बोटावर घेऊन मिस्त्री म्हणाले, “ही राख चालते. छिलके निघाले असते तर समजायचं, दात गेले.” गिअर शाबूत होते.

मग त्यांनी प्लेट हातात दिली. दोन्ही अंगांचे अस्तर रिवेटपर्यंत घासलेले. फ्लायव्हील या जड चाकावर तापल्याचे निळे डाग. ही प्लेट फ्लायव्हील आणि प्रेशरप्लेट यांच्यामध्ये स्प्रिंगांच्या जोराने चेपून धरलेली असते. त्या पकडीतूनच इंजिनाची ताकद गिअरबॉक्सकडे जाते. पेडल दाबले की पकड सुटते आणि गिअर बदलता येतो. पेडल पूर्ण सोडलेले असेल तर प्लेट घसरत नाही. पेडलवर नुसता पायाचा भार राहिला, तर मात्र पकड अर्धी ढिली होते, प्लेट घसरत राहते, तापते आणि जळते. रिलीज बेअरिंगही विनाकारण फिरत राहून आवाज करू लागते.

चढाचे आणि गिअरचे वैर मोटारीच्या जन्मापासूनचे. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बर्था बेन्झ या धाडसी बाई नवऱ्याला न सांगता त्याने बनवलेली गाडी घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला माहेरी निघाल्या. अंतर सुमारे शंभर किलोमीटर. चढ आला की बरोबरच्या दोन मुलांना गाडी ढकलावी लागे. परतल्यावर बाईंनी नवऱ्याला सुचवले की चढासाठी आणखी एक गिअर हवा. (नवऱ्याने ऐकले, हेही नोंदवण्याजोगे.) पुढे १९२८ साली कॅडिलॅकने गिअरबॉक्सात सिंक्रोमेश आणले. दोन गिअरांची गती जुळवण्याचे काम त्यातल्या कड्या करू लागल्या. आमचे मिस्त्री त्यापूर्वीच्या रीतीतले. “आम्ही डबल क्लच मारूनच गिअर टाकायचो,” असे ते काहीशा अभिमानाने सांगत.

संध्याकाळी गिअरबॉक्स चढला. बाजूच्या बुचातून तेल भरले. तेल भोकाच्या काठाशी येऊन ओघळले तेव्हाच मिस्त्रींनी बूच लावला. पेडलला सुरुवातीचा थोडा मोकळा खेळ ठेवला. मग ते शेजारी बसले आणि म्हणाले, “चला फादर, चालवा.” दोन किलोमीटरपर्यंत त्यांनी रस्त्याकडे पाहिलेच नाही. पाहिले ते आमच्या पायांकडे.

“फादर, पाय उचला.”

आम्ही पाहिले. गिअर पडून कधीचा झाला होता आणि आमचा डावा पाय बुटासह पेडलवर निवांत विसावला होता.

“हातपण उचला,” ते पुढे म्हणाले. गिअरच्या दांड्यावर हात टेकला की आतले फोर्क झिजतात, हे त्या दिवशी कळले. उतरताना त्यांनी ब्रेकचे आणि क्लचचे पेडल दाखवले. ब्रेकच्या रबरावर रेघा होत्या. क्लचचे रबर काचेसारखे गुळगुळीत झाले होते. ते रबर बुटाने झिजले होते. तो मुलगा तर अनवाणी चालवत असे.

जानेवारीत आम्ही त्याच्या पाड्यावर गेलो. तो भिवंडीला टेम्पोवर लागला होता. आईने कोरा चहा दिला, कारण विचारले नाही. दुसऱ्या खेपेस तो भेटला. “चूक आमची होती,” असे आम्ही म्हटले. हे तीन शब्द उच्चारण्यास घाट चढण्याइतका वेळ लागला. तो काही बोलला नाही. जीपपाशी जाऊन त्याने हाताने पेडल दाबून पाहिले.

“मिस्त्रीने खेळ बरोबर ठेवलाय,” तो म्हणाला.

पुन्हा कामावर ये, असे आम्ही सुचवले. टेम्पोवर पगार जास्त होता, तो आला नाही. त्या संध्याकाळी मात्र त्याने आम्हांला चर्चपर्यंत सोडले. वाटेत सात-आठ वळणे, दोन चढ. प्रत्येक गिअरनंतर त्याचा डावा अनवाणी पाय तळाच्या पत्र्यावर जाऊन टेकत होता.