मुलाचा फोटो: काय कापावं, काय ठेवावं

लहान मुलाच्या फोटोत नजर आधी डोळ्यांकडे जाते, म्हणून क्रॉपिंगचा विचार तिथूनच सुरू करावा. सुरतेत १४ जानेवारीला, उत्तरायणाच्या दिवशी, गच्चीवर काढलेले फोटो याचा चांगला नमुना. उधना-लिंबायतमधल्या खानदेशी घरातलं मूल पतंगाच्या मांजाची फिरकी धरून उभं असतं. पण मागे पाण्याची टाकी, डिशची छत्री आणि कुणाचा तरी अर्धा हातही येतो. हे सगळं कापावं. फिरकी मात्र ठेवावी. तो दिवस तिच्यामुळेच ओळखू येतो. डोळे फोटोच्या वरच्या एक तृतीयांश रेषेजवळ यावेत, मूल पाहतं त्या बाजूला जागा मोकळी राहावी आणि मनगट, कोपर, गुडघा अशा सांध्यांवर काप येऊ नये.

कापण्यालाही मर्यादा आहे. ४००० × ३००० पिक्सेलचा फोटो लांबी-रुंदीत निम्मा केला, की १२ ऐवजी ३ मेगापिक्सेल उरतात. ४ × ६ इंची प्रिंटला ३०० डीपीआयने १२०० × १८०० पिक्सेल लागतात. तेवढे त्यात बसतात. त्याहून फार कापल्यास चेहरा फुटू लागतो.

मग उजेड. झगझगीत आकाशापुढे चेहरा काळवंडतो. तिथे पूर्ण फोटो न उजळता फक्त शॅडोज वाढवावेत. सुरतेजवळच्या डुमस किनाऱ्याच्या काळ्या वाळूवर याच्या उलट घडू शकतं: कॅमेरा उजेड वाढवतो आणि गाल पांढरे पडतात; तिथे हायलाइट्स कमी करावेत.

मूळ फोटो जपून, बदल प्रतीवरच करावेत. त्वचा गोरी, गुळगुळीत करू नये. गालावरचा तीळ आणि पडलेल्या दाताची खिडकी पुसू नये. मुलाची ओळख त्यातच असते.